करवंदाची गोळी करू नका

एप्रिल सरत आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कांटां (म्हणजे करवंदं), चुन्नां ही रानफळं आणि पाठोपाठ जांभळं येऊन बसतात, आणि त्यांच्या मागोमाग एक वादही येतो. एक पक्ष म्हणतो, पणजीच्या सुपरमार्केटात प्लास्टिकच्या डबीतली परदेशी ब्लूबेरी कशाला घेता? आपल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, करवंदात त्याहून दसपट अँटिऑक्सिडंट आहेत, रोज मूठभर खा, धमन्या साफ राहतील. दुसरा पक्ष बऱ्यापैकी वाचलेला आणि त्याहून जास्त वैतागलेला. त्याच्या मते अँटिऑक्सिडंटचा फुगा केव्हाच फुटला असून हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपी वैद्यक आहे. दोघं भांडतात ते एकाच आकड्यावरून. पहिल्याला तो आकडा मोठा म्हणून फळ अमृत वाटतं, दुसऱ्याला आकडा पोकळ म्हणून फळही पोकळ वाटतं. माझं म्हणणं असं की आकडा पोकळ आहे हे खरं, फळ हृदयाच्या बाजूचं आहे हेही बहुतांशी खरं, आणि त्या फळाला उचलून औषधाच्या कपाटात बसवलं तर हृदयाचं काही भलं होणार नाही, रानाचं मात्र नुकसान होईल.

आधी त्या आकड्याचं बघू. १९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन संशोधकाने असं मांडलं की शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा तयार होणारे आक्रमक रेणू, म्हणजे फ्री रॅडिकल, पेशींची झीज करत राहतात आणि त्या झिजेतूनच म्हातारपण येतं. पुढे या कल्पनेचं नातं हृदयाशी जुळलं: रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइज झालं की धमनीच्या भिंतीत जास्त उपद्रव करतं, असं दिसून आलं. मग ऑक्सिडेशन रोखणारं काहीतरी खाल्लं की धमन्या वाचतील, हा निष्कर्ष कुणालाही पटेल असाच होता. फळाच्या रसात असं 'काहीतरी' किती आहे ते परीक्षानळीत मोजायची पद्धत निघाली, ओरॅक नावाचा आकडा जन्माला आला आणि जगभरच्या फळांची शर्यत लागली. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर या आकड्यांचा तक्ताच प्रसिद्ध केला होता. २०१२ साली त्याच खात्याने तो मागे घेतला. कारण दिलं ते सरळ होतं: परीक्षानळीतल्या या क्षमतेवरून माणसाच्या प्रकृतीबद्दल काही सांगता येत नाही, आणि कंपन्या मात्र ती जाहिरातीत वापरत सुटल्या आहेत. आपल्याकडे फिरणाऱ्या 'दसपट'च्या गोष्टी याच मोडीत काढलेल्या मोजपट्टीवरच्या आहेत.

परीक्षानळीतून पोटात जाताना असा काय फरक पडतो? जांभळाला आणि भिरंडांना (कोकमांना) रंग देणारी अँथोसायनिन नावाची द्रव्यं आपण खातो तेव्हा त्यांचा अगदी थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोचतो. उरलेल्याचे आतड्यातले जिवाणू तुकडे करतात. फळ खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते, हे मात्र खरोखर दिसलं होतं आणि त्याचा बराच गाजावाजाही झाला होता. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सफरचंद खाणाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा ही वाढ मुख्यतः युरिक आम्लाची निघाली. फळातली फ्रुक्टोज साखर यकृतात गेली की युरिक आम्ल वाढतं, आणि तेही परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट म्हणून मोजलं जातं. गाऊटचा रोगी ज्याला घाबरतो, त्यालाच आपण तब्येतीचा पुरावा समजत होतो.

दुसऱ्या पक्षाचा खरा हुकमाचा पत्ता गोळ्यांच्या चाचण्यांचा आहे, आणि तो मान्यच करायला हवा. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना काही वर्षं व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला होता. २००२ साली ब्रिटनमधल्या वीस हजारांवर लोकांच्या चाचणीत ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देऊनही पाच वर्षांत हृदयविकारावर काहीच परिणाम दिसला नाही. त्याहून चमत्कारिक निकाल २००९ सालचा: व्यायाम करणाऱ्या तरुणांना सी आणि ईच्या गोळ्या दिल्या तर व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा फायदाच पुसला गेला. स्नायूंना 'आता सावर' असा निरोप देणारे तेच फ्री रॅडिकल होते आणि गोळ्यांनी त्या निरोप्यांचीच तोंडं बंद केली. ऑक्सिडेशन म्हणजे शत्रू, हे समीकरणच भाबडं होतं.

पण इथून दुसरा पक्ष जी उडी मारतो ती चुकीची आहे. गोळी हरली म्हणून फळ हरलं, हे कुठलं तर्कशास्त्र? फिनलंडच्या पुरुषांनी बेरी खाल्ल्या नव्हत्या, एक वेगळा काढलेला रेणू आहारातल्यापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत गिळला होता. फळातली अँथोसायनिनं काम करत असतील तर ती फ्री रॅडिकल टिपून करतात असं आज फारसं कुणी म्हणत नाही. जास्त संभवनीय रस्ता आहे तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि त्यामुळे वाहिनी सैल पडते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. इंग्लंडमध्ये मेटॅबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, रक्तदाब, रक्तातली साखर असं बरंच काही एकत्र वाढलेली अवस्था) असलेल्या ११५ प्रौढांवर झालेली सहा महिन्यांची एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. रोज एक कप, म्हणजे दीडशे ग्रॅम ब्लूबेरीइतकी भुकटी घेणाऱ्यांच्या वाहिन्या जास्त चांगल्या फुलू लागल्या. अर्ध्या कपाने तसं झालं नाही. रक्तदाबावर आणि इन्सुलिनवर पूर्ण कपानेही फरक पडला नाही. परिणाम आहे, तो लहान आहे आणि मात्रेवर ठरतो. 'थोतांड' म्हणणाऱ्यांनी तो लपवू नये आणि 'धमन्या साफ' म्हणणाऱ्यांनी तो फुगवू नये.

बेरीवाल्यांचा सगळ्यात आवडता पुरावा याहून मोठा आहे. अमेरिकेतल्या ९३,६०० तरुण आणि मध्यमवयीन परिचारिकांना १८ वर्षं पाहिलं, त्यांत ४०५ जणींना हृदयविकाराचा झटका आला, आणि आहारात सर्वांत जास्त अँथोसायनिनं असलेल्या गटात हा धोका ३२ टक्क्यांनी कमी होता. २०१३ सालचा हा निकाल आहे आणि त्यात खोट काढणं सोपं नाही: धूम्रपान, व्यायाम, वजन हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. तरीही मी त्यावर पैज लावणार नाही, आणि त्याचं कारण याच अभ्यासाच्या घराण्यात आहे. या परिचारिकांच्या थोरल्या गटावरून १९९३ साली असंच छापून आलं होतं की व्हिटॅमिन ईच्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. २००० साली साडेनऊ हजार लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला तेव्हा फायदा शून्य निघाला. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांचं हृदय सुरक्षित राहतं, हेही याच परिचारिकांनी जगाला पटवलं होतं. २००२ साली सोळा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत हृदयविकार उलट वाढलेला दिसला आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. परिचारिका खोटं बोलत नव्हत्या. जी बाई गोळी आठवणीने घेते ती बाकीही पुष्कळ गोष्टी आठवणीने करते, आणि त्या सगळ्या प्रश्नावलीच्या चौकटींत मावत नाहीत. जी आठवड्यातून तीनदा ब्लूबेरी विकत घेऊ शकते तिचं घर, पगार, झोप, डॉक्टर, सगळंच वेगळं असतं. शिवाय हे सगळं ब्लूबेरीचं आणि स्ट्रॉबेरीचं. करवंदावरचं आणि जांभळावरचं बहुतेक काम परीक्षानळ्यांत किंवा उंदरांवर झालेलं आहे. ते कामाचं आहे, पण त्यावरून सत्तरी तालुक्यातल्या माणसाच्या हृदयाबद्दल शपथेवर काही सांगता येत नाही.

इथे पहिला पक्ष त्याचा सर्वांत चांगला मुद्दा काढतो, आणि तो गोव्याच्या किनाऱ्यावरचाच आहे. वास्को द गामाचा ताफा १४९८ च्या ऑक्टोबरात आपल्या काणकोणजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. अरबी समुद्र ओलांडायला तीन महिने लागले आणि स्कर्वीने, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या अभावाच्या रोगाने, तीसेक खलाशी मेले. आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागल्याबरोबर आजाऱ्यांसाठी त्यांनी मागवली ती संत्री. व्हिटॅमिन सी वेगळं काढलं गेलं ते विसाव्या शतकात. मग, विचारतात, रेणूचं नाव ठाऊक नसतानाही फळाने जीव वाचतो हे माणसाला चारशे वर्षं आधी कळलं होतं ना? करवंदाची यंत्रणा सापडेपर्यंत आम्ही का थांबावं? प्रश्न बिनतोड वाटतो. पण स्कर्वीत माणसाने आकडा पाहिला नव्हता, रोगी उठून बसलेला पाहिला होता. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून सहा उपाय दिले. संत्रं-लिंबू मिळालेली जोडी आठवड्याच्या आत सुधारली. स्कर्वी हा एका गोष्टीच्या अभावाचा रोग होता, ती गोष्ट मिळाली की तो जायचा. हृदयविकार हा करवंदाच्या अभावाचा रोग आहे का? शिवाय लिंडच्या गोष्टीचा पुढचा भाग हे लोक सांगत नाहीत. जहाजावर टिकावा म्हणून त्याने लिंबाचा रस तापवून आटवायची शिफारस केली, आणि त्या आटवण्यातच रसाचा गुण बराचसा निघून गेला. अर्क, कॅप्सूल, 'कॉन्सन्ट्रेट' यांच्या आजच्या व्यापाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. अँथोसायनिनंही उष्णतेने आणि उजेडाने मोडतात.

दुसरा मुद्दा आजीचा. आमच्या आज्या रानातलं खात होत्या, त्यांना कुठे अँजिओप्लास्टी लागली? याचं उत्तर थोडं क्रूर आहे. त्या आज्यांच्या पिढीतले कितीतरी लोक हृदयविकाराच्या वयापर्यंत पोचलेच नाहीत. मलेरिया, क्षय, बाळंतपण यांतच गेले. ज्या पोचल्या त्या विहिरीचं पाणी भरत, भात लावत, डोंगर चढून लाकडं आणत. कांटां वर्षातून दीड-दोन महिने मिळायची, उरलेले दहा महिने त्यांचं हृदय कशावर चाललं होतं? २००४ साली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने पहिल्या झटक्याचा बहुतेक सगळा धोका नऊ गोष्टींवर मांडून दाखवला. धूम्रपान, कोलेस्टेरॉलमधलं असंतुलन, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण हे एका बाजूला आणि फळं-भाज्या, व्यायाम हे दुसऱ्या. दारूची जागाही त्याच यादीत, आणि त्या एका नोंदीवर गोव्यात वेगळा लेख होईल. आपल्या उपखंडात हा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हेही त्याच अभ्यासात होतं. त्या नवांमध्ये फळ आहे, रोजचं फळ. अमुक जातीचं फळ नाही.

आणि रोजच्या फळाचा पुरावा अँटिऑक्सिडंटच्या पुराव्याहून कितीतरी भक्कम आहे. अमेरिकेत १९९७ साली लोकांना प्रत्यक्ष शिजवलेलं अन्न देऊन एक प्रयोग केला गेला: भरपूर फळं-भाज्या, कमी चरबीचं दूध-दही, स्निग्ध पदार्थ बेताचे. आठ आठवड्यांत उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीचं अन्न खाणाऱ्यांच्या तुलनेत अकरा अंकांनी उतरला. तेवढं काम एखाद्या गोळीने केलं तर डॉक्टर खूश होतात. चीनमध्ये पाच लाख प्रौढांना सात वर्षं पाहिलं तेव्हा रोज ताजं फळ खाणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या रोगांनी होणारे मृत्यू, जवळजवळ कधीच फळ न खाणाऱ्यांपेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी होते. हाही निरीक्षणाचा अभ्यास, फळ खाणारे तिथेही जास्त सुस्थितीतले होते, त्यामुळे चाळीसातून काही वजा करा. तरी उरतं. करवंदं, जांभळं, चुन्नां, जगमां ही या हिशेबात हक्काने बसतात: साखरेच्या गोळ्याऐवजी, बिस्किटाच्या पुड्याऐवजी, संध्याकाळच्या फरसाणाऐवजी.

'ऐवजी' या अटीकडे आपण कानाडोळा करतो, कारण स्वयंपाकघरात शिरल्यावर रानफळाचं आपण काय करतो हे कुणी बोलत नाही. कच्च्या करवंदांचं लोणचं होतं. भिरंडांचं मीठ घातलेलं आगळ होतं, किंवा सालं साखरेत मुरवून सरबत होतं. पावसाळ्यात जेवताना पानात चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), सुक्या बांगड्याची किसमूर आणि वर आगळ घातलेली सोलकढी, आणि खाणारा म्हणतो, कोकम हृदयाला चांगलं! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. त्या ताटात तो चमचा पहिल्या वाढपातच संपतो. मिठाचा पुरावा तर बेरीसारखा डळमळीत नाही. चीनमधल्या सहाशे गावांत नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं मीठ दिलं तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. २०२१ सालचा निकाल आहे, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचा आहे. (असं मीठ मूत्रपिंडाच्या रोग्यांनी किंवा काही रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता वापरू नये.) मी सोलकढी सोडा म्हणत नाही, मीही सोडणार नाही. ती आवडते म्हणून प्यावी. हृदयाच्या नावाने तिसरी वाटी मागू नये, एवढंच.

'खाऊ दे की, नुकसान काय?' असं विचारणाऱ्यांसाठी नुकसानीची जागाही सांगतो. रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून जांभळाच्या बियांची पूड सुरू केलेला माणूस प्रत्येकाच्या ओळखीत एखादा तरी असतो. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे गोळी सोडल्याचं पहिले काही महिने कळतही नाही. छातीत दुखू लागलं तर आरोग्य केंद्रात ईसीजी काढून तिथेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं आणि रोग्याला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवायचं, अशी सोय या राज्यात उभी राहिली आहे. तिचा उपयोग वेळेवर पोचणाऱ्याला होतो. 'पित्त झालं असेल' म्हणून कोकम सरबत पिऊन तासभर वाट पाहणाऱ्याला होत नाही.

आता राहिला पैशाचा मुद्दा, आणि पहिल्या पक्षातले प्रामाणिक लोक शेवटी यावरच येतात. म्हणतात, शास्त्र थोडं ताणलं तर ताणलं, 'सुपरफूड' म्हटल्यामुळे भाव येईल, विकणाऱ्या बाईला चार पैसे मिळतील, लोक झुडपं तोडणार नाहीत. हेतू चांगला आहे. पण हा प्रयोग भिरंडाच्या कुळातच होऊन गेला आहे. त्याच्या भावकीतल्या गार्सिनिया कम्बोजियाच्या सालीतलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, जे भिरंडांतही असतं, नव्वदच्या दशकात वजन उतरवणारं म्हणून जगभर गाजलं. १९९८ साली १३५ लोकांवर नीट चाचणी झाली तेव्हा ते नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. बाटल्यांचा धंदा तरीही थांबला नाही. त्या धंद्यात साल म्हणजे फक्त कच्चा माल. कच्चा माल जिथे स्वस्त तिथून घेतात, आणि मागणी वाढली की लागवड करतात, सडा राखत नाहीत. पानावर फळं मांडून बसलेल्या बाईची त्या साखळीत जागा कुठे? तिच्यासाठी कायदे आहेत: २००२ चा जैवविविधता कायदा व्यापारी वापरातला वाटा स्थानिकांना द्या म्हणतो, २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपजावर रानात राहणाऱ्यांचा हक्क मानतो. सत्तरी, सांगे, काणकोणातले कित्येक दावे अजून कागदांत अडकलेले आहेत. 'सुपरफूड'ची भाषणं करणाऱ्यांपैकी किती जण त्या कागदांबद्दल बोलतात?

१५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात जो औषधींचा ग्रंथ छापून घेतला, त्यात बोरं आहेत, भिरंडं आहेत, करवंदं, जांभळं आणि जगमांसुद्धा आहेत. तो राजवैद्य होता, अमुक वस्तू अमुक रोगावर चालते असं तो बेधडक लिहितो, आणि तरीही या फळांकडे तो मुख्यतः खाण्याच्या वस्तू म्हणून पाहतो: चव कशी, लोणचं कसं, कुठे मिळतात. साडेचारशे वर्षांनी आपण त्याच फळांना ओळखपत्र म्हणून एक रेणू मागतो आहोत. करवंदाची जाळी ज्या कातळसड्यावर वाढते त्याला कागदावर पडीक म्हणतात. मोपाच्या पठारावर आज विमानं उतरतात, आणि बाकीच्या सड्यांवर भूखंडांच्या खुणा पडत आहेत. त्या सड्याचा बचाव करताना कुणी 'इथे हृदयाचं औषध उगवतं' असं सांगितलं, आणि उद्या एखाद्या मोठ्या चाचणीत ते औषध नापास झालं, तर बचावाचं काय होणार? मग सडा विकायला काहीच हरकत नाही, असं उत्तर समोरून येईल, आणि तुमच्याच युक्तिवादाने ते बरोबर ठरेल. पावसाचं पाणी जिरवणारा कातळ, बुलबुलांचं आणि कांडेचोरांचं अन्न, तीन-चार तालुक्यांतल्या बायकांची मे महिन्याची रोख कमाई, हे पुरावे कुठल्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहत नाहीत. पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत ते आधी लिहून घ्या, जमिनीच्या रूपांतराची फाईल निघण्याआधी.